दुर्रे

मशीन सिसिलीहून आलं, सेकंडहँड,
आंबिया बहार उतरायच्या आठ दिवस आधी,
वरूड रस्त्यावरच्या आमच्या संत्र्याच्या शेडमध्ये.
सोबत एक पुस्तिका, कोपरे उधईनं खाल्लेले.
खासबागे शेठ म्हणाले, मॅडम, तुम्ही भाषेच्या,
तुम्हीच वाचा.
मी भाषेची, म्हणजे
विनाअनुदानित शाळेत सात वर्षं मराठी,
आता क्रेटचा हिशेब.

नागपूरहून कोश मागवला.
रात्री रजिस्टरच्या मागच्या पानावर
शब्द फोडत बसले, तुरीच्या शेंगा सोलाव्या तसे.
इन्-त्रो-दुर्-रे : फळं आत घाला.
प्रो-दुर्-रे : तासाला इतके टन.
कोन्-दुर्-रे : पट्ट्यावरून पुढे.
रि-दुर्-रे : वेग कमी करा.
टरफलं वेगळी, दाणा एकच.
कोशात मुंगीएवढ्या अक्षरात : लॅटिन, दूकेरे. नेणे.

झिंगरूजी उईके शेडची राखण करतात,
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बैल वागवलेले.
“नेनं का हाकनं?” त्यांनी विचारलं.
नेणं.
“मंग समोरून. कासरा धरून.
हाकनारा मांगं रायते, नेनारा समोर.
बैलाले समजते थे. मानसाले नाई समजत.”

मग रूपं चालवली.
कोन्-दू-को, मी नेते. कोन्-दुस्-सि, मी नेलं.
कोन्-दोत्-तो, नेलेला.
इथे अडले.
त्यांच्या नियमानं जोडीतला एक त
ओळीच्या टोकाला थांबतो, दुसरा खाली उतरतो,
मधे एक आडवी काडी.
आपल्यात असं नाही. पत्ता, कित्ता, सत्तर,
अर्धा त पुऱ्याच्या कडेवर,
कागदावर त्यांना कोणी सोडवत नाही.
जीभ सोडवते. पत्-ता.
वृत्तं शिकवताना मी फळ्यावर लिहायची :
जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर पडतो,
ते लघु असलं तरी गुरू होतं.
लिहायची, खडू झटकायची,
पुढच्या गणाकडे जायची.

आपल्याकडे नी.
नेणे त्यातलं, आणणेही त्यातलंच,
परिणयसुद्धा.
मला मोर्शीला नेलं बँड लावून.
तीन वर्षांनी भावानं आणलं,
दुपारच्या एस्टीनं, दोन बॅगा, एक मिक्सर.
कोशात रि बघितलं : मागे, परत.
रि-दोत्-ता. परत आणलेली. कमी केलेली.
एकाच शब्दात दोन्ही, भांडण नाही.
स्त्रीलिंगी रूप मी एकदाच लिहिलं
आणि त्याच्यावरून
क्रेटचा आकडा गिरवला, तीनशे बारा.

पान एकोणचाळीस. तांबडा दांडा.
वरच्या ओळीचं टोक उधईच्या पोटात,
खालची ओळ सुरू होते : दुर्रे.
नुसतं.
पुढे कोण होतं?
आत, बाहेर, सोबत की मागे?
शकील पान्हा घेऊन उभा.
“मॅडम, दांडा वर का खाली?”
पट्टा घरघरतोय, त्यावर पहिली संत्री
मेणासाठी ताटकळलेली,
बाया पदरानं वारा घेत माझ्याकडे बघतायत.
मी मोठ्यानं वाचलं, दुर्रे.
पुन्हा वाचलं.

दारातून झिंगरूजी हसले.
“आमी बी असंच म्हनो ना बैलाले,
नाल्यात पाय टाकताना.”
म्हणजे चल, का थांब?
विडी विझवेपर्यंत त्यांनी विचार केला.
“चल नाई, थांब बी नाई.
म्हंजे, मी हावो समोर.”

हळू घे, मी शकीलला म्हटलं, आधी हळू.
त्यानं दांड्याला हात घातला.
मी पान बोटानं दाबून धरलं,
आडवी काडी असायला हवी होती
तिथे.